सीतेची आसवे फोटोत निळी का येतात?

रानवाटसरू

सप्टेंबरचा तिसरा आठवडा उजाडला की मी कासच्या पठारावर जातो. यंदाचे हे सलग चौथे वर्ष. दर वेळी पाचशे-सहाशे फोटो घेऊन परततो आणि दर वेळी घरी आल्यावर पडद्यावर जे दिसते त्याने मन खट्टू होते. कॅमेरा एपीएस-सी (मध्यम आकाराच्या) सेन्सरचा, २४ मेगापिक्सेलचा आहे. त्याच्यासोबत आलेली १८-५५ ची लेन्स आणि नंतर घेतलेली ७०-३०० ची झूम, एवढाच संसार.

तक्रार अशी आहे. 'सीतेची आसवे' या फुलांचा रंग डोळ्यांना स्वच्छ जांभळा दिसतो, किंचित गुलाबीकडे झुकणारा. कॅमेऱ्यातून थेट निघालेल्या फोटोतही मात्र तो दौतीतल्या शाईसारखा निळा येतो, आणि पाकळीवरचे बारकावे जाऊन नुसता रंगाचा ठिपका उरतो. आजूबाजूचे गवत दुकानाच्या दारात अंथरलेल्या प्लास्टिकच्या हिरवळीसारखे दिसते. जिथे धुके होते तिथे करडे मळभ दिसते, आणि ते घालवायला गेलो की धुकेच नाहीसे होते. माझी आई साताऱ्याची, ही फुले लहानपणापासून पाहिलेली. गेल्या वर्षीचे फोटो पाहून ती एवढेच म्हणाली, "ही कोणी रंगवलीत?"

दुसरी अडचण कामाच्या क्रमाची आहे. मी एकेक फोटो उघडतो, स्लायडर इकडेतिकडे सरकवत पंधरा-वीस मिनिटे झटतो, दहाबारा फोटोंनंतर कंटाळतो, आणि उरलेले दिवाळीपर्यंत तसेच पडून राहतात. दोन्हींबाबत जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

सोनकी

उत्तर देण्याआधी थोडी माहिती हवी. फोटो रॉ स्वरूपात (सेन्सरने टिपलेली कच्ची माहिती) घेता की जेपेगमध्ये (कॅमेऱ्याने तयार करून दिलेला फोटो)? व्हाइट बॅलन्स (प्रकाश बदलला तरी पांढरे पांढरेच ठेवणारी सेटिंग) ऑटोवर असतो का? कॅमेऱ्यात 'व्हिव्हिड' किंवा तत्सम पिक्चर स्टाइल लावलेली आहे का? आणि एडिटिंग कोणत्या पडद्यावर, साधारण किती वाजता करता? शेवटचा प्रश्न विचित्र वाटेल, पण तो मुद्दाम विचारला आहे.

रानवाटसरू

गेल्या वर्षापर्यंत केवळ जेपेग घेत होतो. यंदा रॉ आणि जेपेग दोन्ही घेतले, परंतु रॉ उघडून पाहिल्यावर ते जेपेगपेक्षाही फिके दिसले, म्हणून बाजूला ठेवले. व्हाइट बॅलन्स ऑटो. पिक्चर स्टाइल 'लँडस्केप' आहे, कारण मी लँडस्केपच घेतो असे मला वाटत होते. पडदा साध्या लॅपटॉपचा. वेळ म्हणाल तर नोकरी असल्यामुळे रात्री जेवणानंतरच जमते.

अंधारखोली

मी ३० वर्षांपूर्वी रोल धुण्यापासून सुरुवात केली, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो. ज्यांना हे ठाऊक आहे त्यांनी पुढच्या प्रतिसादाकडे जावे.

या निळेपणात थोडा दोष त्या रंगाच्या स्वभावाचा आहे, थोडा कॅमेऱ्याचा आणि थोडा तुमचा. कॅमेऱ्याचा सेन्सर स्वतः रंगांधळा असतो. त्याच्या प्रत्येक बिंदूवर एक रंगीत गाळणी बसवलेली असते, आणि दर चार बिंदूंमागे दोन हिरव्या, एक तांबडी आणि एक निळी अशी त्यांची मांडणी असते. कोडॅकमध्ये काम करणाऱ्या ब्राइस बायर यांना या मांडणीचे पेटंट १९७६ मध्ये मिळाले आणि आजही बहुतेक कॅमेरे तीच वापरतात. आपल्या डोळ्यातल्या ज्या पेशी प्रामुख्याने तांबड्या बाजूचा प्रकाश टिपतात, त्या अगदी आखूड लहरींच्या जांभळ्या प्रकाशालाही थोडासा प्रतिसाद देतात. जांभळ्यात आपल्याला जी तांबूस झाक जाणवते तिच्यामागे हेही एक कारण आहे. सेन्सरवरची तांबडी गाळणी नेमके तसेच वागेल असे नाही. कॅमेऱ्यातील गणित ही तफावत सरासरीने भरून काढते, त्वचा, आकाश आणि गवत यांचे रंग त्यातून बरे निघतात, परंतु जांभळा निळ्याकडे सरकतो. महाग कॅमेरा घेतल्याने हा प्रश्न सुटत नाही, हे आधीच सांगून ठेवतो, कारण धाग्यावर पुढे कोणीतरी तो सल्ला देणारच.

आता पाकळीवरच्या बारकाव्यांकडे वळू. तो वेगळा रोग आहे आणि त्याची तीन निरनिराळी कारणे असू शकतात. पहिले कारण असे की, एखाद्या चॅनेलमध्ये (तांबडा, हिरवा, निळा यांतल्या एका रंगाच्या नोंदीत), तुमच्या बाबतीत निळ्यात, प्रकाश खरोखरच मर्यादेपलीकडे गेला. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावरचा पांढरा हिस्टोग्राम (डावीकडे काळोख, उजवीकडे उजेड दाखवणारा आलेख) हा तिन्ही रंगांचा गोळाबेरीज हिशेब असतो आणि त्यात हिरव्याचे वजन सर्वांत जास्त असते. त्यामुळे तो मधोमध निवांत बसलेला दिसतो आणि त्याच वेळी निळा चॅनेल उजव्या भिंतीला जाऊन थडकलेला असतो. मेनूमध्ये जाऊन तांबडा, हिरवा, निळा असे तीन स्वतंत्र हिस्टोग्राम दिसतील अशी व्यवस्था करा. दुसरे कारण असे की, रॉ मधली माहिती शाबूत आहे, पण व्हाइट बॅलन्ससाठी तांबडा आणि निळा चॅनेल गुणून वाढवला जातो आणि त्या गुणाकारात तो वर जाऊन आदळतो. तिसरे कारण असे की, रंग इतका गडद आहे की तो एसआरजीबी या रंगपट्टीत मावतच नाही, म्हणून त्या पट्टीच्या काठावर सगळ्या छटा एकावर एक चेपल्या जातात. एसआरजीबी ही १९९६ सालची, त्या काळच्या साध्या काचेच्या मॉनिटरांच्या कुवतीवर बेतलेली पट्टी आहे. गडद जांभळ्यासाठी तिच्यात जागा कमीच.

यांतले नेमके कोणते कारण आहे हे ओळखायची सोपी खूण सांगतो. रॉ फाइल उघडा आणि केवळ निळ्या आणि जांभळ्या रंगांचे सॅच्युरेशन (रंगाचा गडदपणा) ३० ने कमी करा. पाकळीवरच्या रेषा परत आल्या तर माहिती शाबूत होती आणि रंग तेवढा पट्टीबाहेर गेला होता. आल्या नाहीत तर एक्स्पोजर (फोटोचा उजेड) एक स्टॉपने, म्हणजे निम्म्यावर, खाली आणून पाहा. तेव्हा उगवल्या तर गुणाकाराचा दोष होता. तरीही सपाट ठिपकाच राहिला तर ती माहिती पठारावरच राहिली, आणि ती कोणतेही सॉफ्टवेअर परत आणून देणार नाही.

लक्षात ठेवण्याची आणखी एक बाब म्हणजे, तुम्ही रॉ घेत असलात तरी कॅमेरा दाखवतो तो हिस्टोग्राम जेपेगवरून काढलेला असतो. 'लँडस्केप' स्टाइल रंग आणि कॉन्ट्रास्ट दोन्ही वाढवते, म्हणजे तुमचा हिस्टोग्रामही तिखटमीठ लावून बोलतो. स्टाइल 'न्यूट्रल' करा. मागच्या पडद्यावर फोटो मिळमिळीत दिसेल, त्याकडे दुर्लक्ष करा.

रानवाटसरू

आपल्या सूचनेप्रमाणे यंदाच्या बारा रॉ फाइलींवर हा प्रयोग करून पाहिला. सात फोटोंत केवळ सॅच्युरेशन कमी करताच पाकळीच्या मधल्या उंचवट्यावरची पांढरट झाक आणि खालच्या पाकळीची घडी दिसू लागली. ती तिथे आहे हेच मला माहीत नव्हते. तिघांत एक्स्पोजर खाली आणावे लागले. दोन फोटो गेले ते गेलेच, आणि ते दोन्ही ढग फाटून ऊन पडले त्या पाच मिनिटांतले आहेत. जेपेगवर हाच प्रयोग केला तेव्हा बाराच्या बारा सपाट निघाले.

अंधारखोली

अपेक्षितच होते. जेपेगमध्ये प्रत्येक चॅनेलला २५६ पायऱ्या असतात. १४ बिटच्या रॉ मध्ये १६,३८४. शिवाय जेपेग तयार होताना कॅमेऱ्याने स्वतःचे मत देऊन बाकीचे सामान फेकून दिलेले असते. ढगाळ प्रकाशात तुम्हाला काही अडचण येऊ नये, पण ऊन पडले की या फुलांसाठी एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (कॅमेऱ्याने ठरवलेला उजेड कमी-जास्त करण्याची सोय) उणे २/३ वर न्या आणि निळा चॅनेल पाहून मगच पुढचा फोटो घ्या.

तिपाई

क्रमाविषयी मी लिहितो, कारण माझे पोट त्यावर आहे. कोल्हापूरकडे लग्नाचे काम करतो. एका लग्नात दोन कॅमेऱ्यांचे मिळून तीन हजारांच्या आसपास फोटो होतात आणि आठवड्याने दुसरे लग्न उभे असते. एकेका फोटोवर वीस मिनिटे घालवली तर मला मुहूर्तच पुरायचे नाहीत. जाता जाता सांगतो, जांभळ्याचा हा त्रास आम्हाला बारा महिने असतो. राणी रंगाची पैठणी पिवळ्या दिव्यांत आली की तांबडा चॅनेल फुटतो आणि पदरावरचे मोर पुसले जातात. स्टेजवर हल्ली जांभळे एलईडी लावतात, त्यात नवरीचा चेहराच निळा सपाट होतो.

सर्वांत आधी कार्ड. ते घरी आणल्यावर फोटो दोन वेगळ्या ड्राइव्हवर उतरवायचे, दोन्हीकडचे आकडे जुळवायचे, आणि तिसरी प्रत घराबाहेर, म्हणजे क्लाउडवर किंवा भावाच्या घरी ठेवलेल्या ड्राइव्हवर गेल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करायचे नाही. हा नियम मी कोणाकडून शिकलो नाही. पहिल्याच वर्षी एका साखरपुड्याचे कार्ड 'उतरवले असेल' या समजुतीने फॉरमॅट केले आणि मग मुलीच्या वडिलांसमोर जाऊन उभा राहिलो. त्या दिवसापासून भरलेले कार्ड पाकिटात उलटे ठेवतो आणि रिकामे सुलटे.

दुसरी पायरी छाटणीची, आणि ती त्याच रात्री करू नये. घेतल्या घेतल्या प्रत्येक फोटो आपल्याला प्रिय असतो, कारण तो घेताना गुडघे किती दुखले ते आठवत असते. दोनतीन दिवस जाऊ द्यावेत. पहिल्या फेरीत निवडायचे काहीच नाही, फक्त काढायचे. हाललेले, फोकस चुकलेले, एकासारखे एक असलेले. एका फोटोला दोन सेकंद. दुसऱ्या फेरीत उरलेल्यांतून तारे द्यायचे. तुमच्या सहाशेंतून पहिल्या फेरीनंतर दोनशे आणि दुसरीनंतर चाळीस उरले, तर तुमची छाटणी बरी झाली असे समजा. एडिटिंग फक्त त्या चाळीसांचे करायचे.

मग गट पाडायचे. ज्या फोटोंत प्रकाश एकसारखा होता ते एका गटात: सकाळचे धुके, दुपारचे ढग, ती पाच मिनिटांची उन्हाची तिरीप. प्रत्येक गटातला एकच फोटो नीट करायचा आणि त्याच्या सेटिंग बाकीच्यांवर चिकटवायच्या. यामुळे वीस मिनिटे चाळीस वेळा जात नाहीत, तीनचारदाच जातात. शिवाय फोटो एकाच दिवसाचे, एकाच ठिकाणचे वाटतात, हा लाभ मला वेळेपेक्षाही मोठा वाटतो.

एकेका फोटोतला क्रम माझा असा आहे: लेन्सचे प्रोफाइल (लेन्सचे दोष आपोआप सुधारणारी सेटिंग), व्हाइट बॅलन्स, एक्स्पोजर, मग हायलाइट आणि शॅडो, मग रंग, मग ठरावीक भागापुरते बदल, आणि सर्वांत शेवटी आकार कमी करून शार्पनिंग. व्हाइट बॅलन्स आधी घेण्याचे कारण अंधारखोली यांच्या प्रतिसादातच आहे. तो बदलला की तांबड्या-निळ्या चॅनेलची उंचीच बदलते, त्यामुळे आधी लावलेले एक्स्पोजर पुन्हा लावावे लागते. शार्पनिंग शेवटी, कारण ज्या आकारात फोटो पाहायचा त्या आकारावरच ते ठरते. मोठ्या फाइलवर केलेले शार्पनिंग मोबाइलवर दिसत नाही आणि मोबाइलसाठी केलेले १२ बाय १८ च्या प्रिंटवर खरजेसारखे दिसते.

गवतीचहा

गवत आणि धुके यांच्याविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून हा प्रतिसाद.

ओल्या गवताचा हिरवा रंग फोटोत बिघडतो त्याचे निम्मे कारण गवताच्या पात्यावरच असते. पावसाने भिजलेले पाते आरशासारखे वागते आणि त्यात वरचे पांढरे आकाश पडते. डोळ्याने आपण ते प्रतिबिंब वजा करून पाहतो. कॅमेरा करत नाही. त्यामुळे पात्यावर फिकट निळसर चकाकी येते, ती घालवण्यासाठी आपण सॅच्युरेशन वाढवतो, आणि प्लास्टिकची हिरवळ तयार होते. यावर उपाय स्लायडरमध्ये नसून लेन्सपुढे आहे. सर्क्युलर पोलरायझर (चकाकी गाळणारी फिरती काच) लावा, डोळा पडद्यावर ठेवून त्याची कडी हळूहळू फिरवा. एका विशिष्ट कोनात चकाकी अचानक विझते आणि खालचा खरा हिरवा वर येतो. ते पहिल्यांदा पाहिले तेव्हा मी भर पावसात मोठ्याने हसलो होतो. पोलरायझर दीड ते दोन स्टॉप प्रकाश खातो, हे ध्यानात असू द्यावे. ढगाळ दुपारी आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ४००, एफ/८ (लेन्सचे छिद्र) आणि शटर १/२५० सेकंद मिळत असेल तर तो लावल्यावर शटर १/८० पर्यंत उतरेल, म्हणजे ७०-३०० हातात धरून चालणार नाही. आयएसओ १६०० करा. रॉ मधला तेवढा ग्रेन आजकालची सॉफ्टवेअर सहज काढतात आणि हाललेला फोटो कोणालाच सरळ करता येत नाही.

सॉफ्टवेअरमध्ये गवताला हात लावायचाच असेल तर हिरव्याचा स्लायडर सोडून पिवळ्याचा धरा. गवत आपल्याला हिरवे वाटते, पण सॉफ्टवेअरच्या लेखी त्याचा बराचसा भाग पिवळ्यात मोडतो. पिवळ्याचे सॅच्युरेशन १० ते १५ ने उतरवले की पठार शांत होते. मात्र त्याच चौकटीत कवल्याची पिवळी फुले असतील तर तीही उतरतात, म्हणून तेवढा भाग मास्क करून वगळावा.

धुक्याचे म्हणाल तर कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर समोरचे सगळे जग मध्यम करडे आहे असे धरून चालतो. समोर पांढरे धुके आले की तो ते करडे करून देतो. तिथे अधिक २/३ ते अधिक १ कॉम्पेन्सेशन द्यायचे. आणि डीहेझ हा स्लायडर पावसाळ्यापुरता कुलूपबंद ठेवा. पहाटे चारला घरून निघून आपण ज्या धुक्यासाठी जातो, तेच घालवणारे ते बटण आहे. मी कधीकधी तो उणे ५ वर नेतो.

खिशातला_कॅमेरा

एवढा खटाटोप न करता माझ्या फोनवर आसवे बरीच बरी येतात. फोन आपण होऊन चारपाच फोटो घेऊन जोडतो आणि लगेच पाठवताही येतात.

गवतीचहा

येतात, यात वाद नाही. दूरवरच्या जांभळ्या गालिच्यासाठी फोन उत्तमच आहे. फक्त तो सावल्या उचलून आणि उजेड दाबून सगळे एका पातळीवर आणतो, त्यामुळे पुढचे फूल आणि मागचे धुके यांतले अंतर मरते. फोनमध्ये प्रो मोड आणि डीएनजीची (रॉ चाच एक प्रकार) सोय असल्यास एकदा वापरून पाहा. या धाग्यातले बहुतेक सगळे त्यालाही लागू पडते.

मोकळा_परवाना

धागाकर्त्यांनी सॉफ्टवेअर कोणते ते सांगितलेले नाही. दरमहा पैसे भरायचे नसतील तर डार्कटेबल हे विनामूल्य आणि मुक्त सॉफ्टवेअर आहे. मी सहा वर्षे तेच वापरतो. ते मूळ रॉ फाइलला हात लावत नाही, तुमच्या सगळ्या पायऱ्या शेजारी एका छोट्या एक्सएमपी फाइलमध्ये लिहून ठेवते. बॅकअप घेताना त्या फाइलीही सोबत घ्याव्यात, नाहीतर फोटो राहतो आणि त्यावरची मेहनत जाते.

रॉ उघडल्यावर फिका दिसला म्हणून बाजूला ठेवला, असे वर आले आहे. रॉ हे पीठ आहे, जेपेग ही कॅमेऱ्याने लाटून भाजून दिलेली पोळी. पीठ पाहून पोळी फिकी आहे असे म्हणता येणार नाही. डार्कटेबलमध्ये तर ते सुरुवातीला आणखीच काळवंडलेले दिसते. आधी एक्स्पोजर मॉड्यूलने मधला उजेड जागेवर आणावा आणि मग बाकीचे पाहावे.

सोनकी

मी सुरुवातीला वेळ विचारली होती आणि धागाकर्त्यांनी 'रात्री जेवणानंतर' असे उत्तर दिले होते. रानवाटसरू, आपल्या लॅपटॉपवर नाइट लाइट चालू आहे का? संध्याकाळनंतर पडदा आपोआप पिवळसर करणारी ती सोय असते. डोळ्यांना बरी, पण रंगांच्या कामाला घातक. पिवळसर पडद्यावर फोटो पिवळा दिसतो, म्हणून आपण तो निळ्याकडे ढकलतो, आणि सकाळी बघावे तर निळाशार.

रानवाटसरू

आपला प्रश्न वाचून मी लॅपटॉप तपासला. नाइट लाइट संध्याकाळी सातपासून सकाळी सहापर्यंत चालू होते, आणि ते बहुधा लॅपटॉप घेतल्यापासून तसेच असावे, कारण मी ते कधी लावल्याचे मला आठवत नाही. मग जुन्या फोटोंच्या फाइलींवरच्या वेळा काढून पाहिल्या. रविवारी सकाळी केलेले फोटो त्यातल्या त्यात बरे आहेत. रात्री साडेनऊनंतरचे सगळे शाई. चार वर्षे मी कॅमेऱ्याला दोष देत होतो.

अंधारखोली

मन लहान करू नका. आमच्या वेळी ओला प्रिंट पाहून "झकास" म्हणायचो आणि सुकल्यावर तो एक छटा काळा व्हायचा. ते अंगवळणी पडेपर्यंत कागदाची दोन पाकिटे वाया गेली. मात्र सगळे खापर नाइट लाइटवर फोडू नका, कॅमेऱ्यातून थेट निघालेले जेपेगही निळेच होते, हे आपणच लिहिले आहे. व्हाइट बॅलन्स ऑटोवरून काढा. ढगाळ पठारावर तो ६००० ते ६५०० केल्व्हिनच्या (प्रकाशाच्या रंगाचे माप) दरम्यान ठरवून ठेवा, आणि प्रत्येक वेगळ्या प्रकाशात एक फोटो ग्रे कार्डचा (रंगाची झाक नसलेल्या करड्या कार्डाचा) घ्या. ग्रे कार्डऐवजी झेरॉक्सचा पांढरा कागद वापरण्याचा सल्ला बरेचदा दिला जातो, तो मानू नका. त्या कागदात चमक आणणारी द्रव्ये असतात, ती निळसर प्रकाश टाकतात, आणि त्यावरून लावलेला बॅलन्स नको तितका पिवळा होतो.

आणि एवढे करूनही आसवे थोडी निळी राहतीलच. त्यासाठी शेवटी निळ्याचा ह्यू (रंगछटा) जांभळ्याकडे १० ते १५ ने सरकवावा. किती सरकवायचा हे आठवणीवर सोडू नये. पठारावर असतानाच फूल आणि कॅमेऱ्याचा पडदा शेजारीशेजारी पाहून वहीत एक ओळ लिहावी: 'डोळ्याला अधिक गुलाबी', 'जवळपास तसाच'. महिन्याभराने डोळ्याची साक्ष ग्राह्य नसते.

शिळोप्याचा

सगळे वाचले. पण लोकांना भडक फोटोच आवडतात, हा माझा अनुभव आहे. खऱ्या रंगाच्या फोटोकडे कोणी ढुंकून पाहत नाही.

तिपाई

गिऱ्हाईक भडक मागते तेव्हा मीही देतो, पण खऱ्या रंगाच्या फाइलीवरून भडक करायला एक मिनिट लागते, उलट वाटेने येता येत नाही. धागाकर्त्यांना आईने ओळखलेली फुले हवी आहेत, त्यांचे गिऱ्हाईक वेगळे आहे.

सोनकी

एक विनंती विषयाला धरूनच आहे. जमिनीलगतचा कोन मिळावा म्हणून काही जण वाटेवरून उतरून फुलांत आडवे होतात. ही फुले वीतभर उंचीची. एक माणूस आडवा झाला की साडेपाच फूट लांबीचा पट्टा चेपतो. ७०-३०० लेन्स असताना त्याची गरजही नाही. वाटेच्या कडेला बसून कॅमेरा गुडघ्याच्याही खाली धरावा, मागचा पडदा वर वळवावा आणि ३०० वर जाऊन दोन-तीन मीटरवरचे फूल घ्यावे. पुढची फुले आपोआप जांभळ्या धुरासारखी होतात. आडवे होऊन घेतलेल्या फोटोपेक्षा हा मला तरी सरस वाटतो.

रानवाटसरू

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा जाऊन आलो. गर्दी ओसरली होती, आसवेही ओसरू लागली होती, पण पाणथळ भागात शिल्लक होती. स्टाइल न्यूट्रल, व्हाइट बॅलन्स ६२०० वर, तीन रंगांचे हिस्टोग्राम समोर, आणि मित्राकडून मागून आणलेला पोलरायझर. चकाकी विझण्याचा क्षण मीही अनुभवला. हसलो नाही, पण शेजारच्या अनोळखी गृहस्थांना बोलावून दाखवला.

या वेळी दोनशेचाळीस फोटो घेतले, त्यांतले तेवीस ठेवले, आणि दोन सकाळींत काम संपले. त्यांतला एक १२ बाय १८ चा प्रिंट करायला दिला. रंग बरोबर आला, परंतु प्रिंट पडद्यापेक्षा बराच काळसर निघाला. लॅबवाल्यांचे म्हणणे असे की, फाइलच तशी होती. हिस्टोग्राम तर मधोमध होता. मग चूक कोणाची?

तिपाई

पडद्याचा उजेड किती ठेवला होता? लॅपटॉप बहुतेक पूर्ण उजेडावर चालवले जातात आणि प्रिंट कागदावर असतो, त्याला स्वतःचा उजेड नसतो. छपाईसाठी काम करताना पडद्याचा उजेड साधारण ८० ते १२० कॅन्डेला प्रति चौरस मीटर असावा. मोजायचे यंत्र नसेल तर पडद्यावर कोरे पांढरे पान उघडा, शेजारी खिडकीच्या उजेडात पांढरा कागद धरा, आणि दोन्ही सारखे दिसेपर्यंत उजेड कमी करत जा. बहुतेकांचा पडदा निम्म्यावर येतो. त्यानंतर फाइल पुन्हा उघडलीत तर तुम्हालाच ती काळसर दिसेल. फाइल एसआरजीबीमध्येच पाठवली होती ना? बहुतेक लॅब तीच धरून चालतात.

रानवाटसरू

एसआरजीबीच होती. पडदा शंभर टक्क्यांवर होता, तो आता पंचेचाळीसवर आला. फाइल अर्ध्या स्टॉपने उजळून दुसरा प्रिंट आजच आणला आहे. आईला दाखवला. रंगाबद्दल ती काहीच बोलली नाही; चष्मा पुसून डाव्या कोपऱ्यावर बोट ठेवून एवढेच विचारले, "हे पिवळे कवल्याचे का सोनकीचे?" मला सांगता आले नाही, कारण ते फोकसच्या बाहेर आहे.

सोनकी

तेवढा भाग पूर्ण आकारात कापून इथे लावावा. पाकळीवर दोन तांबडे ठिपके पुसट का होईना दिसले तर कवला. मधे गोल चकती आणि भोवती पाकळ्या असतील तर सोनकी. आणि त्याच जागेचा एफ/११ वर, म्हणजे लहान छिद्राने जास्त भाग फोकसमध्ये ठेवून, घेतलेला एखादा फोटो उरलेल्या बावीसांत आहे का, तेही पाहावे.